‘बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलेत?’ : ब्रिटिश सैन्यभरतीची भित्तिपत्रके आणि लाजेचा वापर

शिळाप्रेस (धागाकर्ता)

पहिल्या महायुद्धातील भित्तिपत्रकांचा विषय निघाला की चर्चा बहुधा शत्रूच्या राक्षसी चित्रांपाशी आणि फडकत्या ध्वजांपाशी थांबते. ती चित्रे लक्षवेधी आहेत हे खरेच. परंतु ब्रिटनमधील भरतीची भित्तिपत्रके कालक्रमाने लावून पाहिली, तर त्यांचे मुख्य हत्यार शत्रूविषयीचा राग हे नव्हते, तर आपल्याच माणसांसमोर मान खाली घालावी लागेल ही भीती होती, असे माझे मत झाले आहे. या धाग्यात त्याविषयी सविस्तर लिहितो. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी ते अवश्य मांडावे.

आधी पार्श्वभूमी. युद्ध सुरू झाले तेव्हा युरोपातील बड्या सत्तांपैकी एकट्या ब्रिटनमध्ये सक्तीची सैन्यभरती नव्हती. जर्मनी, फ्रान्स, रशिया आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांना माणसे हवी असतील तर ती हुकूम काढून बोलावता येत होती. ब्रिटनला मात्र ती मागावी लागत होती. त्यामुळेच जर्मनीची त्या काळातील गाजलेली भित्तिपत्रके पाहिली तर त्यांत बहुतांश युद्धकर्जाची आहेत. फ्रिट्झ एर्लर याने १९१७ मध्ये काढलेला, शिरस्त्राणाखालून शून्यात पाहणारा सैनिक लोकांकडे पैसे मागतो आहे, माणसे नव्हे. माणसे मागण्याची कला ब्रिटनमध्ये वाढली, कारण तिची गरज तिथेच होती. ऑगस्ट १९१४ च्या अखेरीस सर्वपक्षीय ‘पार्लमेंटरी रिक्रूटिंग कमिटी’ स्थापन झाली आणि एरवी निवडणुकीत मते मागणारी पक्षांची यंत्रणा भरतीच्या कामाला जुंपली गेली.

या समितीची सुरुवातीची भित्तिपत्रके आज पाहिली तर कंटाळवाणी वाटतात. त्यांत चित्र कमी आणि मजकूर फार आहे. राजाचे नाव, देशाचे नाव, वयाची आणि उंचीची अट, नाव कोठे नोंदवायचे याची माहिती, एवढाच ऐवज. पण त्या दिवसांत एवढे पुरत होते. सप्टेंबर १९१४ या एका महिन्यात साडेचार लाखांहून अधिक माणसे सैन्यात दाखल झाली, आणि ३ सप्टेंबर या एका दिवशी ३३ हजारांहून अधिक. लष्कराकडे त्यांना द्यायला गणवेश नव्हते, राहायला बराकी नव्हत्या. मन वळवण्याची गरज अशा वेळी पडत नाही. ती पुढे पडली, जेव्हा स्वतःहून येणारे येऊन गेले आणि मागे राहिले ते, ज्यांच्यापाशी न जाण्याचे काहीतरी कारण होते. १९१५ ची भित्तिपत्रके या मागे राहिलेल्यांसाठी काढलेली आहेत आणि त्यांचा स्वर याच कारणाने बदललेला आहे.

सॅव्हिल लम्ली याचे शीर्षकात उल्लेखिलेले भित्तिपत्रक त्यांतलेच. युद्ध संपलेले आहे आणि एक सुस्थितीतला गृहस्थ आरामखुर्चीत बसला आहे. मांडीवर मुलगी आहे, तिच्यापुढे पुस्तक उघडे आहे. पायाशी मुलगा खेळण्यातले शिपाई मांडतो आहे. मुलीने प्रश्न विचारला आहे आणि बाप तिच्याकडे पाहत नाही, मुलाकडेही पाहत नाही. तो चित्राबाहेर, थेट आपल्याकडे पाहतो आहे. हे चित्र मुद्रक आर्थर गन यांच्या मनातून निघाले, अशी हकिकत त्यांच्या मुलाने पुढे सांगितली आहे. आपण सैन्यात गेलो नाही तर उद्या मुलांनी असे विचारल्यावर काय सांगायचे, हा विचार त्यांनाच पडला होता.

या चित्राची कारागिरी नीट पाहण्यासारखी आहे. त्यात शत्रू नाही, तोफ नाही, सैनिकही नाही, खेळण्यातले वगळता. घर ऊबदार आहे आणि मुले गोंडस आहेत. शिक्षा एकच आहे आणि ती एका निरागस प्रश्नाच्या रूपाने येते. प्रश्न विचारणारी व्यक्ती लहान मूल असल्यामुळे तिच्यावर रागावता येत नाही, तिच्याशी वाद घालता येत नाही आणि तिला राजकारण समजावून सांगता येत नाही. उत्तर चित्रात दिलेले नाही. ते पाहणाऱ्याने स्वतःच्या मनात द्यायचे आहे, आणि माणूस स्वतःला जे सांगतो त्यापासून त्याला पळ काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट फार लबाडीने केलेली आहे. चित्र भविष्यातले असल्यामुळे युद्ध जिंकले गेले आहे हे गृहीत आहे आणि जो गेला असता तो परतला असता हेही गृहीत आहे. प्रत्यक्षात सात लाखांहून अधिक ब्रिटिश सैनिक परतले नाहीत. त्यांच्या मांडीवर बसून प्रश्न विचारायला कोणी मूल उरले नाही किंवा मांडीच उरली नाही. भरतीच्या भित्तिपत्रकांत ब्रिटिश सैनिकाचा मृत्यू जवळजवळ दिसतच नाही. दिसते ते न गेल्याचे दुःख. तोटा कुठला दाखवायचा आणि कुठला झाकायचा, यातच या कलेचे बरेचसे कौशल्य होते.

याला चोख उत्तर दिले ते खाण कामगारांचे नेते रॉबर्ट स्मायली यांनी. मुलीने असे विचारले तर ‘मी हे युद्ध थांबवायचा प्रयत्न केला’ असे आपण सांगू, अशा आशयाचे त्यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. स्मायली यांनी प्रश्न टाळला नाही, तो स्वीकारून उलटवला. आणि माझ्या मते या जातीच्या प्रचाराला तेवढे एकच उत्तर शक्य असते.

जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला, प्रथम अविवाहितांसाठी आणि मे महिन्यात विवाहितांसाठीही. त्यानंतर अशा भित्तिपत्रकांचे कामच संपले.

गणिती

लेख आवडला, परंतु कारण आणि परिणाम यांची सांगड जरा जपून घालावी असे सुचवतो. सप्टेंबर १९१४ नंतर भरती घटली हे खरे आहे आणि वर्षभराने, सप्टेंबर १९१५ मध्ये, ती महिन्याला ७५ हजारांच्याही खाली गेली होती. पण ‘उत्साही लोक संपले’ एवढेच त्याचे कारण नव्हते. ११ सप्टेंबर १९१४ रोजी लष्कराने स्वतःच किमान उंची वाढवून पाच फूट सहा इंच केली, कारण आलेल्यांना सामावून घेता येत नव्हते. पुढच्या दोन महिन्यांत ती टप्प्याटप्प्याने पुन्हा उतरवावी लागली. परत पाठवले गेलेले लोक लगेच दुसऱ्यांदा रांगेत उभे राहतात असे नाही. शिवाय युद्धाच्या पहिल्या आठवड्यांत अनेक कारखाने बंद पडल्यामुळे बेकारी वाढली होती आणि सैन्याचा पगार हा एक आधार होता. १९१५ मध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत भरपूर काम आणि बरे वेतन मिळू लागले.

उलट बाजूनेही हाच प्रश्न आहे. सप्टेंबरची लाट कुठल्याही भित्तिपत्रकाने आणलेली नाही. बेल्जियममधील मॉन्सहून ब्रिटिश सैन्य मागे हटल्याची बातमी ऑगस्टच्या अखेरीस वर्तमानपत्रांत आली आणि त्यानंतर रांगा लागल्या. त्यातच एका गावचे, एका कारखान्याचे, एका फुटबॉल संघाचे मित्र एकत्र दाखल होऊ शकतील अशा ‘पाल्स’ पलटणी निघाल्या. माणूस भिंतीवरच्या चित्रामुळे गेला की शेजारचा गेला म्हणून गेला, हे वेगळे काढण्याचे कोणतेही साधन आपल्याजवळ नाही.

शिळाप्रेस

गणिती, उंचीच्या अटीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. भित्तिपत्रकांमुळे अमुक इतके लोक गेले असा माझा दावा नाही. समितीला कोणाचे मन वळवायचे होते आणि त्यासाठी तिने कोणता मार्ग निवडला, एवढेच मला भित्तिपत्रकांवरून वाचता येते असे वाटते. ‘पाल्स’ पलटणींचे आपले उदाहरण तर माझ्याच मुद्द्याला बळ देते: शेजारचा गेला म्हणून जाणे आणि शेजारच्यासमोर लाज वाटू नये म्हणून जाणे यांत अंतर थोडे आहे. भित्तिपत्रकाने तो दबाव निर्माण केला नाही, असलेला दबाव चित्रात धरला.

पळसपान

या विषयात स्त्रियांचा जो वापर झाला त्याविषयी धाग्यात अधिक यायला हवे होते, म्हणून लिहिते.

१९१५ मधलेच ‘ब्रिटनच्या स्त्रिया सांगतात, जा!’ हे केली या चित्रकाराचे भित्तिपत्रक प्रसिद्ध आहे. खिडकीशी दोन स्त्रिया आणि एक मूल एकमेकांना बिलगून उभे आहेत आणि बाहेरून सैनिकांची रांग दूर चालली आहे. स्त्रियांच्या चेहऱ्यावर दुःख आहे, पण ते आवरलेले आहे. त्या सांगतात असे अक्षरांत लिहिले आहे. प्रत्यक्षात त्यांचे ओठ मिटलेले आहेत. हे वाक्य त्यांच्या तोंडी घालणारी समिती खासदार पुरुषांची होती, आणि त्या खासदारांना निवडून देण्याचा अधिकारही तेव्हा या स्त्रियांना नव्हता. मतदानाचा हक्क नसलेल्या वर्गाच्या नावाने देशाची आज्ञा सुनावणे ही मला या सगळ्या संग्रहातली सर्वांत धीट चाल वाटते.

याहून उघड उदाहरण म्हणजे लंडनच्या तरुण मुलींना उद्देशून काढलेले, चित्र नसलेले, नुसत्या मजकुराचे भित्तिपत्रक. तुमच्या प्रियकराने खाकी चढवली आहे का, असे त्यात विचारले आहे. तुम्ही आणि देश लढण्याच्या योग्यतेचे आहात असे त्याला वाटत नसेल, तर तो तुमच्या योग्यतेचा आहे का, असे पुढे येते. आणि शेवटी तर सरळ धमकीच आहे: जो राजाविषयीचे आणि देशाविषयीचे कर्तव्य टाळतो तो उद्या तुम्हालाही टाळेल. लक्षात घ्या, ज्याला सैन्यात न्यायचे आहे त्याच्याशी या मजकुराचा एक शब्दही बोललेला नाही. भिंत त्याच्या प्रेयसीशी बोलते आणि प्रेयसीने घरी जाऊन त्याच्याशी बोलावे अशी योजना आहे. सरकारला जे तोंडावर म्हणता येत नाही ते दुसऱ्याकडून वदवून घेण्याचा हा प्रकार आहे.

३० ऑगस्ट १९१४ रोजी फोकस्टन येथे निवृत्त अॅडमिरल चार्ल्स फिट्झजेराल्ड यांनी ३० स्त्रियांना हाताशी धरून सुरू केलेली पांढऱ्या पिसांची मोहीम हा याच तंत्राचा रस्त्यावरचा अवतार. साध्या कपड्यातल्या तरुणाच्या हाती भ्याडपणाची खूण म्हणून पांढरे पीस द्यायचे. अशी पिसे रजेवर आलेल्या आणि जखमी होऊन सेवामुक्त झालेल्या सैनिकांनाही मिळाली. सप्टेंबर १९१६ मध्ये सेवामुक्तांसाठी चांदीचा बिल्ला काढण्यात आला, त्यामागे त्यांना हा जाच होऊ नये हेही एक कारण होते. लाज एकदा मोकळी सोडली की ती कोणाला लागावी हे समितीच्या हातात राहत नाही.

दूरचा प्रवासी

सर्वांत प्रसिद्ध भित्तिपत्रकाचा धाग्यात उल्लेखच नाही याचे आश्चर्य वाटले. तेव्हाचा युद्धमंत्री लॉर्ड किचनर याचे पाहणाऱ्यावर रोखलेले बोट हीच तर या प्रकाराची ओळख आहे. त्यात लाज नाही, सरळ अधिकार आहे. मग मुख्य हत्यार लाज होते हे म्हणणे कसे टिकते?

शिळाप्रेस

हा प्रश्न येईल अशी अपेक्षा होती आणि किचनरला मी जाणूनबुजून बाजूला ठेवले होते. आल्फ्रेड लीट याचे ते चित्र प्रथम ‘लंडन ओपिनियन’ या साप्ताहिकाच्या ५ सप्टेंबर १९१४ च्या अंकाचे मुखपृष्ठ म्हणून आले. नंतर त्याचे भित्तिपत्रक झाले, पण समितीने किचनरचे जे अधिकृत भित्तिपत्रक मोठ्या प्रमाणावर लावले ते वेगळे होते. त्यात बोट नव्हते, त्याच्या भाषणातला एक उतारा होता. शिवाय तारीख पाहा. ३ सप्टेंबरचा उच्चांक होऊन गेला तेव्हा हा अंक बाजारात आला. त्या चित्राची आजची कीर्ती बरीचशी नंतरची आहे आणि ती वाढवण्यात त्याच्या नकलांचा वाटा मोठा आहे.

चित्र म्हणून मात्र ते अव्वल आहे यात वाद नाही. बोट समोरून असे काढले आहे की त्याची लांबी जवळजवळ दिसतच नाही, केवळ टोक आणि मूठ दिसते. सपाट कागदावर डोळे आणि बोट नेमके समोर रोखलेले काढले की पाहणारा डावीकडे सरको वा उजवीकडे, ते त्याच्याकडेच रोखलेले राहते, कारण कागदावरची आकृती त्याच्याबरोबर वळत नाही. खऱ्या पुतळ्याच्या बाबतीत बाजूला झाले की सुटका होते. चित्राच्या बाबतीत होत नाही. गर्दीच्या रेल्वे स्थानकावर प्रत्येकाला आपल्यालाच निवडले आहे असे वाटावे यासाठी याहून स्वस्त युक्ती नाही.

म्हणूनच तिची नक्कल सर्वत्र झाली. इटलीत आकिल्ले मौझान याने १९१७ मध्ये बोट रोखणारा सैनिक काढला. अमेरिकेत जेम्स माँटगोमेरी फ्लॅग याने अंकल सॅमला स्वतःचाच चेहरा, थोडा म्हातारा करून, दिला आणि १९१७-१८ मध्ये त्याच्या ४० लाखांहून अधिक प्रती छापल्या गेल्या. दिमित्री मूर याने १९२० मध्ये रशियातील यादवी युद्धात लाल सैन्यासाठी तेच बोट वापरले आणि वर प्रश्न घातला: ‘तू स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलेस का?’ राजाच्या सेनानीपासून बोल्शेविक शिपायापर्यंत हीच मुद्रा चालली. विचारसरणीने तिला कुठेच अडवले नाही.

तरीही माझे म्हणणे असे की बोट आणि लाज या विरोधी गोष्टी नाहीत. बोटाने माणसाला गर्दीतून वेगळा काढायचा आणि मग लम्लीच्या मुलीने त्याला प्रश्न विचारायचा.

सातारकर

चांगली चर्चा चालली आहे. किचनरचे नाव निघाले म्हणून भारताची बाजू मांडतो, कारण हा गृहस्थ १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती होता आणि लॉर्ड कर्झनशी त्याचे बिनसले तेही इथेच.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक माणसे सैनिक म्हणून आणि इतर कामांसाठी गेली आणि सुमारे ७४ हजार मृत्युमुखी पडली. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला ‘मिलिटरी’ हे उपपद मिळाले त्याच्या मुळाशी हीच भरती आहे. परंतु इथे ब्रिटनसारखी भित्तिपत्रकांची रेलचेल झाली नाही. १९११ च्या जनगणनेत साक्षरता शंभरात सहाच्या आसपास होती. भरतीचे काम निवृत्त सैनिक, गावचे वजनदार लोक, जमीनदार आणि सरकारी अधिकारी यांच्यामार्फत होत असे, आणि पंजाबात शेवटच्या काळात त्यात सरळ जबरदस्तीही शिरली.

जी थोडी भित्तिपत्रके निघाली त्यांची भाषा पाहण्यासारखी आहे. उर्दूतील एका भित्तिपत्रकात पैसे, बंदूक आणि गणवेश मांडून ठेवलेले आहेत आणि विचारले आहे की हे कोण घेणार. उत्तरही तिथेच दिले आहे, जो ताबडतोब भरती होईल तो. यात बाप नाही, मूल नाही, इतिहासाचा जाब नाही. ब्रिटिश नागरिकाला लाज दाखवली आणि हिंदी प्रजाजनाला वस्तू दाखवल्या. धागाकर्त्यांच्या मांडणीत एक भर घालावी असे वाटते: ‘देशासाठी तुम्ही काय केलेत’ हा प्रश्न विचारण्यासाठी आधी तो देश त्याचा आहे असे मानावे लागते. ज्याला नागरिक मानलेले नाही त्याला हा प्रश्न विचारायची सोय सरकारलाच नव्हती.

लोकमान्य टिळकांनी नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. स्वराज्याचे आश्वासन द्या, हिंदी माणसाला सैन्यात अधिकाऱ्याचा दर्जा द्या, मग माणसे मिळतील, अशी त्यांची भूमिका होती. जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्धपरिषद बोलावली तेव्हा टिळक हा राजकीय मुद्दा बोलू लागताच त्यांना अडवण्यात आले आणि ते व न. चिं. केळकर सभेतून उठून गेले. गांधीजी त्याच वर्षी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी गावोगाव फिरत होते आणि त्यांना प्रतिसाद फारच थोडा मिळाला. ज्या शेतकऱ्यांनी काही महिन्यांपूर्वी साराबंदीत त्यांना साथ दिली होती, तेच भरतीसाठी बैलगाडी द्यायलाही तयार नव्हते. वक्ता किती मोठा आहे यावर मन वळणे अवलंबून नसते, हे यावरून दिसते.

जुना वाचक

शत्रूच्या क्रौर्याच्या चित्रांना धागाकर्त्यांनी जरा जास्तच दुय्यम ठरवले आहे असे वाटते. १६ डिसेंबर १९१४ रोजी जर्मन युद्धनौकांनी स्कारबरो, हार्टलपूल आणि व्हिटबी या किनाऱ्यावरच्या गावांवर तोफा डागल्या आणि शंभराहून अधिक लोक मारले गेले. त्यावर समितीने काढलेल्या भित्तिपत्रकात पडलेल्या घरासमोर एक लहान मुलगी तान्हे बाळ घेऊन उभी आहे. खाली घराचा पत्ता दिला आहे: वाइकम स्ट्रीट, क्रमांक दोन. ते एका कामगाराचे घर होते, त्यात चौघे मेले, त्याची पत्नी ५८ वर्षांची होती, सर्वांत लहान मूल पाच वर्षांचे, असे लिहिले आहे. ‘जर्मन क्रूर आहेत’ या विधानापेक्षा घराचा क्रमांक आणि मुलाचे वय कितीतरी अधिक काम करतात, कारण ते कोणालाही जाऊन पडताळता येतात.

अमेरिकेतील फ्रेड स्पीअर याने तर तेवढेही लिहिले नाही. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात लुसिटानिया ही ब्रिटिश प्रवासी बोट बुडाली आणि १,१९८ माणसे गेली. पुढच्याच महिन्यात आलेल्या त्याच्या भित्तिपत्रकात हिरवट पाण्यात बाळाला छातीशी धरून बुडत जाणारी स्त्री आहे आणि खाली एकच शब्द आहे, ‘भरती व्हा’. जहाजाचे नाव नाही, जर्मनीचे नाव नाही. ज्याला माहीत आहे त्याला सांगायची गरज नाही, आणि प्रत्येकाला माहीत होते. मला हे या काळातले सर्वोत्तम भित्तिपत्रक वाटते.

या वाटेची किंमत मात्र पुढे मोजावी लागली. बेल्जियममध्ये जर्मन सैन्याने अत्याचार केले होते हे सत्य आहे. लूव्हाँचे ग्रंथालय जाळले गेले, एकट्या दिनाँ गावात ६०० हून अधिक नागरिक मारले गेले. पण या सत्याच्या शेजारी हात तोडलेल्या बाळांच्या आणि प्रेतांपासून चरबी काढणाऱ्या कारखान्याच्या कहाण्या उभ्या राहिल्या. तो कारखाना अस्तित्वात नव्हता हे १९२५ मध्ये खुद्द ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांना संसदेत मान्य करावे लागले. त्यानंतर लोकांनी खोट्याबरोबर खरेही नाकारले, आणि नाझींच्या छळछावण्यांच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा अनेक शहाण्यासुरत्या माणसांनी ‘पुन्हा तेच’ म्हणून मान फिरवली.

शिळाप्रेस

जुना वाचक, स्पीअरच्या भित्तिपत्रकाविषयी पूर्ण सहमत. स्कारबरोच्या बाबतीत एक निरीक्षण नोंदवतो. त्या भित्तिपत्रकाचे शीर्षक जर्मनांविषयी नाही. ‘ब्रिटनच्या पुरुषांनो, तुम्ही हे सहन करणार का?’ असे ते आहे. क्रौर्य पुरावा म्हणून आले आहे आणि आरोपीच्या पिंजऱ्यात पाहणारा उभा आहे.

दक्षिणवारा

दुसऱ्या महायुद्धाविषयी थोडक्यात, कारण ब्रिटिश सरकारने तोवर काही गोष्टी विसरून त्या नव्याने शिकल्या. १९३९ मध्ये माहिती मंत्रालयाने ‘तुमचे धैर्य, तुमचा उत्साह, तुमचा निर्धार आपल्याला विजय मिळवून देईल’ या अर्थाचे भित्तिपत्रक देशभर लावले. कष्ट आमचे आणि विजय साहेबांचा, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला आणि टीका झाली. आज चहाच्या कपांवर दिसणारे ‘शांत राहा आणि चालू ठेवा’ हे त्याच संचातले. त्याच्या सुमारे २४ लाख प्रती छापून मोठ्या हवाई हल्ल्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. त्या जवळजवळ लागल्याच नाहीत आणि बहुतेक रद्दीत गेल्या. २००० साली नॉर्थम्बरलंडमधील अॅनिक येथील जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली तेव्हा कुठे जगाला ते कळले.

१९४० च्या उन्हाळ्यात अफवा पसरवणाऱ्यांविरुद्ध दटावणीची मोहीम काढली, ती लोकांच्या रोषामुळे गुंडाळावी लागली. त्याच वर्षी फूगास या टोपणनावाने काढणाऱ्या व्यंगचित्रकाराने ‘बेसावध बोलणे जिवावर बेतते’ ही मालिका केली. बसमध्ये दोन बायका गप्पा मारताहेत आणि मागच्या बाकावर हिटलर आणि गोअरिंग कान देऊन बसले आहेत. सूचना तीच, पण पाहणारा हसला आणि त्याने ती मानून घेतली. पंचवीस वर्षांपूर्वीच्या लाजेचा अतिरेक ज्या पिढीने भोगला होता, तिच्यावर लाज चालली नाही, असे मला यातून दिसते.

मेलबर्नवासी

मी अनेक वर्षे ऑस्ट्रेलियात राहतो. इथली एक गोष्ट या धाग्याला अगदी लागू आहे. ऑस्ट्रेलियातही सुरुवातीला सक्तीची भरती नव्हती. पंतप्रधान बिली ह्यूज यांनी २८ ऑक्टोबर १९१६ आणि २० डिसेंबर १९१७ असे दोनदा त्यासाठी जनमत घेतले आणि दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. इथल्या स्त्रियांना तेव्हा मतदानाचा हक्क होता, त्यामुळे दोन्ही बाजूंनी त्यांच्यावरच मारा झाला.

१९१६ मध्ये विरोधकांनी वाटलेले ‘रक्ताचे मत’ हे पत्रक मुद्दाम सांगतो. क्लॉड मार्के याने काढलेल्या चित्रात एक स्त्री मतपेटीत मत टाकते आहे. सोबतच्या विन्स्पीअरच्या कवितेत मुलगा आईला विचारतो की तुझा चेहरा असा पांढराफटक का पडला आहे, आणि आई सांगते की मी एका माणसाला मरणाच्या दारी लोटल्याचे स्वप्न पाहिले. लम्लीची मुलगी बापाला जे विचारते त्याचीच ही दुसरी बाजू आहे. घर तेच, मूल तेच, प्रश्न विचारण्याची रीतही तीच. पण जाब न गेल्याचा नव्हे, पाठवल्याचा आहे. विरोधकांना नवे तंत्र शोधावे लागले नाही. सरकारचेच तंत्र त्यांनी सरकारवर उलटवले आणि ते जिंकले.

गणिती

मेलबर्नवासी, हे पत्रक मला माहीत नव्हते, मनापासून आभार. परंतु ‘आणि ते जिंकले’ यावर माझी पुन्हा तीच हरकत आहे. १९१६ मध्ये विरोधात ११,६०,०३३ आणि बाजूने १०,८७,५५७ मते पडली. फरक जेमतेम ७२ हजारांचा होता आणि १९१७ मध्ये तो दीड लाखावर गेला. त्यामागे अनेक गोष्टी होत्या. डब्लिनमध्ये एप्रिल १९१६ चा उठाव चिरडल्यानंतर आयरिश कॅथलिक समाज बिथरला होता आणि मेलबर्नचे कॅथलिक आर्चबिशप मॅनिक्स सक्तीविरुद्ध उघड बोलत होते; मजूर पक्ष या प्रश्नावर फुटला; कापणीच्या हंगामात माणसे जाऊ नयेत असे शेतकऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्ष आघाडीवरच्या सैनिकांनी दोन्ही वेळा बाजूने कौल दिला, पण १९१६ मध्ये त्यांच्यातल्याही सुमारे ५९ हजारांनी विरोधात मत दिले होते, आणि ते पत्रक त्यांच्यापर्यंत कितपत पोहोचले असेल याची मला शंकाच आहे. त्या मतदारांना खंदकात काय वाट्याला येते हे ठाऊक होते.